वळिवडेचे पाहुणे, गांधीनगरचे रहिवासी



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे ते इतिहासाचे शिक्षक होते. जगाचा इतिहास शिकवायचा तर सुरुवात आपल्या तालुक्यापासून करावी, असा त्यांचा आग्रह असे. आज मी त्यांच्या त्या वाटेने जाणार आहे. विषय दुसऱ्या महायुद्धाचा आणि पोलंडचा आहे, पण सुरुवात करवीर तालुक्यातून करतो.

मिरजेहून कोल्हापूरकडे जाताना रुकडी मागे पडले की वळिवडे नावाचे लहानसे स्टेशन लागते. बहुतेक प्रवाशांच्या ते लक्षातही येत नाही, कारण कोल्हापूर जवळ आलेले असते आणि सामान काढायची घाई सुरू झालेली असते. स्टेशनजवळ आज गांधीनगरची कापडपेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबची माणसे तिथे येतात. याच जमिनीवर १९४३ च्या जूनपासून १९४८ पर्यंत पोलंडमधली सुमारे पाच हजार माणसे राहिली. बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांचाच त्यांत भरणा होता. पंचगंगेच्या काठी त्यांनी पाच पावसाळे काढले. त्यांची मुले इथे शाळा शिकली, त्यांतली काही माणसे इथेच मातीआड झाली आणि बाकीच्यांतली बरीच पुढे इंग्लंडमधल्या खेडवळ भागात लोखंडी पत्र्याच्या झोपड्यांत राहायला गेली.

ही माणसे इथवर आली कशी, हे आधी सांगायला हवे. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला, हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबरला स्टालिनचे सैन्य पूर्वेकडून आत घुसले, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. वळिवडेची माणसे या दुसऱ्या आक्रमणाची बळी होती. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा पूर्व सीमेवरच्या जमिनी तिथल्या माजी सैनिकांना कसायला दिल्या होत्या. ही सैनिक-शेतकऱ्यांची कुटुंबे, जंगल खात्यातल्या नोकरदारांची, शिक्षकांची, पोलिसांची कुटुंबे नव्या सत्तेला नकोशी झाली. १० फेब्रुवारी १९४० ला, ऐन कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात दारे ठोठावली गेली. हाताला लागेल ते बरोबर घ्या आणि चला, एवढाच हुकूम. मालगाडीच्या डब्यांत कोंबून त्यांना अर्खांगेल्स्कच्या जंगलांत लाकूडतोडीला आणि सायबेरियात नेले. एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत बायका-मुलांना कझाकस्तानच्या माळावर नेऊन सोडले. जून १९४१ पर्यंत अशा चार फेऱ्या झाल्या. भुकेने, टायफसने आणि थंडीने किती मेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मग हिटलर रशियावरच उलटला आणि राजकारणाचे फासे फिरले. ३० जुलै १९४१ ला लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा आणि मॉस्कोचा करार झाला. कैदेतल्या पोलिश नागरिकांना सोडायचे आणि रशियाच्याच भूमीवर त्यांचे सैन्य उभे करायचे, असे ठरले. जनरल आंदेर्स या सेनापतीकडे माणसे शेकडो मैलांवरून, कुणी रेल्वेने, कुणी पायी येऊ लागली आणि सैनिकांमागोमाग त्यांच्या बायका-मुलांचे लोंढे आले. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये हे सैन्य आणि त्यांच्याबरोबरचे नागरिक, मिळून लाखाहून अधिक माणसे, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तिथल्या कबरस्तानातली पोलिश थडगी या प्रवासाची साक्ष देतात. सुटका झाली आणि मग पोटभर अन्नाची सवय मोडलेली शरीरे कोसळली, असे पुष्कळांचे झाले.

इराणात इतक्या लोकांना कायमचे ठेवणे शक्य नव्हते. कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी लेबनॉन-पॅलेस्टाइनला, काही मेक्सिकोला, ७३३ मुले न्यूझीलंडला. भारतात आले ते पाच-सहा हजार. त्यांतली जामनगरजवळच्या बालाचडीची कथा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी सुमारे हजार मुलांना आपल्या संस्थानात आसरा दिला. मुले त्यांना बापू म्हणत. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे. ही कथा सुंदर आहे आणि खरी आहे.

वळिवडेची गोष्ट वेगळी आहे. आपण मात्र तिला बालाचडीच्याच साच्यात ओततो. उदार महाराज, अनाथ परदेशी, आपली अतिथी देवो भव परंपरा, असे सगळे ठरल्यासारखे येते. आज मला मुख्यतः या मांडणीबद्दल बोलायचे आहे. कोल्हापूर संस्थानाची जमीन वापरली गेली, संस्थानाने आणि करवीरच्या जनतेने या लोकांना आपल्यात वावरू दिले, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर दोन वर्षांचे बाळ होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता. छावणी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली उभी राहिली. तिचा खर्च लंडनमधले पोलिश सरकार करत होते. अंतर्गत कारभार पोलिश लोकांच्याच हाती होता. कुणाच्या उपकारावर जगणाऱ्यांची ती वस्ती नव्हती. माझ्या मते वळिवडेचे खरे मोल याच गोष्टीत आहे आणि उदारतेची गोष्ट सांगताना आपण नेमके तेच झाकतो.

त्या वेळचा आपला मुलूख कोणत्या अवस्थेत होता, हेही ध्यानात घ्या. गांधीजी इथे, या पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले होते आणि पुढच्या फेब्रुवारीत कस्तुरबाही तिथेच जाणार होत्या. बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरून पडत होती. साताऱ्याकडे नाना पाटलांचे प्रतिसरकार जोरात होते. मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्याला तेव्हा पुण्याला गाडी बदलून मीटर गेजवर चढावे लागे. त्याच पुणे-मिरज मार्गावर, कराडजवळ शेणोलीला, ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या तरुणांनी रुळांवर दगड रचून सरकारी पगाराची गाडी लुटली. वळिवडेची छावणी सुरू झाली तो हाच महिना. एकाच लोहमार्गावर एकाच महिन्यात इंग्रजांविरुद्ध लढणारे आपले क्रांतिकारक होते आणि इंग्रजांच्या मदतीने जीव वाचवून आलेल्या पोलिश बायका होत्या. कोल्हापूरच्या माणसाला, पोलिश माणसे इंग्रजांची दोस्त म्हणून ती आपली वैरी, असे म्हणता आले असते. त्याने तसे म्हटल्याचे दिसत नाही. आपण परतंत्र आहोत आणि हे लोकही आपला देश गमावून बसले आहेत, एवढे त्याला उमजले असावे.

तशी पोलंडची आणि आपली ओळख त्याआधीचीच आहे. औंध संस्थानात १९३८-३९ साली राजाने लोकांच्या हाती सत्ता सोपवली. त्या प्रयोगामागे गांधीजी होते, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, तसा मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडमधला ज्यू इंजिनिअरही होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिच्यावर व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट बेतलेला आहे, ती कल्पनाही फ्रीडमन यांची. निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत नेऊन जगभर पोहोचवणारेही तेच. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा त्यांच्यासाठी धडपडणाऱ्यांत फ्रीडमन होते आणि त्यांची पोलिश सहकारी वांदा दिनोव्स्का होती. आश्रय देणे आणि आश्रय घेणे यांच्यातली देवघेव नेहमी एकाच दिशेने होत नाही, म्हणून हे आडवळण घेतले.

आता वस्तीत शिरू. दगडी जोत्यावर उभ्या केलेल्या लांबच लांब बराकी, वर कौले, भिंतींना बांबूच्या तट्ट्या. बराकीचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे व्हरांडा. चर्च होते, दवाखाना होता, बालवाडीपासून मॅट्रिकच्या वरच्या वर्गापर्यंत शाळा होत्या, अनाथ मुलांसाठी वसतिगृह होते, नाटक-सिनेमाची सोय होती. पोलिश भाषेत शिक्षण, पोलिश शिक्षक, पोलिश व्यवस्थापक. छातीचे दुखणे असलेल्या आणि अशक्त मुलांना पाचगणीला हवापालटासाठी पाठवत. काही मुली तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याही.

या सगळ्या यादीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. वळिवडेत कुटुंबांना भत्ता रोख मिळे आणि प्रत्येक घर आपापली चूल पेटवी. छावणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हातात ताट घेऊन उभी राहिलेली रांग येते. इथे मात्र कोळशाच्या शेगडीवर जिची तिची कढई होती. जी बाई तीन वर्षे दुसऱ्याने वाढलेल्या पळीभर पातळ सूपावर मुले जगवत आली होती, ती आता दाराशी आलेल्या भाजीवाल्याशी घासाघीस करू शकत होती. आज बटाटे घ्यायचे की वांगी, हे तिचे ती ठरवत होती. फेरीवाले कामापुरते पोलिश बोलू लागले होते, हे त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येते. बाजाराची गरज माणसाला भाषा शिकवते. दानाच्या रांगेत तशी गरज पडत नाही. व्हरांड्यापुढच्या हातभर जागेत त्या बायकांनी फुलझाडे लावली. आपण इथे कायमचे राहणार नाही, हे माहीत असूनही लावली.

हे बाहेरचे रूप. आत काय होते, ते समजायला एका तारखेकडे जावे लागते. १९३९ च्या शरदात सोव्हिएत सैन्याने पकडलेले पोलिश लष्करी अधिकारी आणि पोलीस कोझेल्स्क, ओस्ताश्कोव आणि स्तारोबेल्स्क या तीन छावण्यांत होते. १९४० च्या वसंतापर्यंत त्यांची घरी पत्रे येत होती. मग ती एकाएकी थांबली. बायका तीन वर्षे वाट पाहत राहिल्या. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी जाहीर केले की कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडली आहेत. या तीन छावण्यांतले आणि तुरुंगांतले मिळून सुमारे २२,००० लोक गोळ्या घालून मारले गेले होते. तीन छावण्यांतून वाचले ते जेमतेम चारशे. सोव्हिएत सरकारने ही गोष्ट १९९० मध्ये कबूल केली, तोवर खोटे रेटून नेले.

ही बातमी आली आणि दोन महिन्यांनी वळिवडे सुरू झाले. नवरा त्या यादीत आहे की नाही, हे ठाऊक नसलेल्या बायका तिथे मुलांना शाळेला धाडत होत्या, पेटीवर पडदा टाकून तिचे टेबल करत होत्या. कपाळाचे कुंकू ठेवायचे की पुसायचे, हेच कळू नये, अशी ती स्थिती. आपल्याकडे युद्धावर किंवा समुद्रावर गेलेल्या माणसाची बायको हे दुःख ओळखेल.

त्या चारशेंपैकी एक तरुण वळिवडेत आला. झ्जिस्लाव पेश्कोव्स्की त्याचे नाव. कोझेल्स्कच्या छावणीतून वाचलेला हा अधिकारी वळिवडेतल्या मुलांचा स्काउट मास्तर झाला. मुलांना गाठी मारायला शिकवायच्या, शेकोटीभोवती गाणी म्हणवून घ्यायची, पंचगंगेच्या काठाने रपेट मारायची, हे त्याचे काम. ज्याने आपले सगळे सोबती गमावले, त्याने बापाविना वाढणाऱ्या मुलांना हाताशी धरले. पुढे ते धर्मगुरू झाले, कातिनच्या मृतांना न्याय मिळावा म्हणून शेवटपर्यंत बोलत राहिले आणि २००७ मध्ये वारले. कोल्हापूरच्या इतिहासात त्यांचे नाव असायला हवे.

उरलेले पुरुष आंदेर्सच्या सैन्यातून इटलीत लढत होते. १८ मे १९४४ ला मॉन्टे कॅसिनोच्या मठावर पोलिश झेंडा लागला. इटलीच्या त्याच आघाडीवर आपले मराठे होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथे पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर गोळीबारातून जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव पुढे पुण्यातच राहिले आणि इथेच १९८४ मध्ये गेले. सेनिओ ओलांडायच्या त्याच मोहिमेत शेजारच्या पट्ट्यात पोलिश कोअर लढत होती. नकाशा उघडून पाहा. वळिवडेतल्या बायका ज्या नदीवरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत होत्या, त्याच नदीवरून येणाऱ्या पत्राची वाट सातारा, रत्नागिरी, नगरकडच्या बायका पाहत होत्या. या दोघी एकमेकींना कोल्हापूरच्या बाजारात भेटल्या असतील, तरी हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

युद्ध संपले आणि पोलिश माणसे हरली. असे वाक्य जिंकलेल्या बाजूच्या सैन्याबद्दल बोलावे लागते, हे चमत्कारिक आहे, पण तसेच झाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाला देऊन टाकला. वळिवडेतली बहुसंख्य घरे याच भागातली. त्यांची गावे आता युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्यांच्या पैशावर छावणी चालत होती, ते सरकारच कागदावरून पुसले गेले. परत जा म्हटले तर जाणार कुठे? त्या पहाटे जे दार ठोठावले गेले, ते दारच आता दुसऱ्या देशात होते. मोजकी माणसे पोलंडला परतली. काही पूर्व आफ्रिकेतल्या पोलिश वस्त्यांत गेली. एका पोलिश मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले आणि ती करवीरचीच झाली. ज्यांचे बाप, भाऊ, नवरे सैन्यात होते ती कुटुंबे १९४७-४८ मध्ये बोटीने इंग्लंडला गेली.

इंग्लंडने त्यांच्यासाठी मार्च १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला. निवृत्तिवेतन, उपचार, शिक्षण, निवारा यांची तरतूद त्यात होती. परदेशी लोकांना मोठ्या संख्येने सामावून घेणारा ब्रिटिश संसदेचा हा पहिला कायदा मानला जातो. पण समाज काही एका रात्रीत उदार झाला नाही. ब्रेडसुद्धा रेशनवर होता, घरे बॉम्बने पडलेली होती, आणि हे लोक आमच्या नोकऱ्या घेणार, असे म्हणत खाण कामगारांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. ज्यांच्या वैमानिकांनी १९४० मध्ये लंडनचे आकाश राखले, त्यांनी आता घरी जावे, असे उघड बोलले जाऊ लागले.

सरकारकडे रिकाम्या जागा होत्या त्या खेड्यांच्या कडेला. अमेरिकन सैन्यासाठी बांधलेली युद्धकाळातली इस्पितळे आणि विमानतळांवरच्या बराकी. ग्लॉस्टरशरमध्ये ब्लॉकली गावाजवळचे नॉर्थविक पार्क, फेअरफर्ड, डॅग्लिंगवर्थ, हेरफर्डशरमध्ये फॉक्सली, डेव्हनमध्ये स्टोव्हरजवळचे इल्फर्ड पार्क. अर्ध्या नळकांड्याच्या आकाराच्या पत्र्याच्या झोपड्या, मध्ये एक शेगडी, हिवाळ्यात आतून ओल धरणारा पत्रा. कोल्हापूरच्या उन्हात वाढलेली मुले या थंडीत जाऊन पडली. शेजारी मधाच्या रंगाच्या दगडांची टुमदार घरे, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारे गावकरी, आणि माळावर एकदम उगवलेली ही नवी वस्ती. शिकलेल्या बायका कारखान्यांत आणि शेतांवर कामाला लागल्या. शनिवारी मुलांसाठी पोलिश शाळा, रविवारी एका झोपडीत प्रार्थना.

तात्पुरत्या म्हणून सुरू झालेल्या या वस्त्या लवकर मोडल्या नाहीत. नॉर्थविक पार्कमध्ये पोलिश कुटुंबे १९६० च्या दशकातही होती. इल्फर्ड पार्क तर पुढे वृद्ध पोलिश लोकांचे निवासस्थान झाले आणि १९९२ मध्ये त्याला नवी इमारत मिळाली. याचे कारण नुसती घरटंचाई नव्हती. वळिवडेत, आफ्रिकेत, इराणात ही माणसे एकत्र राहायला शिकली होती. वस्ती कशी चालवायची, शाळा कशी उभारायची, सण कसा साजरा करायचा, हे त्यांना ठाऊक होते. १९५१ च्या ब्रिटिश जनगणनेत पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे १,६२,००० लोक नोंदले गेले. त्यांच्यातून डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक निघाले. निर्वासितांना पांगवले की ते लवकर मिसळतात, असे एक मत नेहमी मांडले जाते. मला ते पटत नाही. ज्याच्या पायाखाली आपल्या माणसांची जमीन आहे, तोच शेजारच्या गावात निर्धास्त जातो. पांगवलेला माणूस मिसळत नाही, तो गप्प होतो.

आता पुन्हा पंचगंगेकाठी येऊ. १९४८ मध्ये पोलिश माणसे गेली आणि बराकी रिकाम्या झाल्या. फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली हिंदू कुटुंबे तिथे आणली गेली. पोलिश माणसे कराचीमार्गे बोटीने मुंबईला आणि तिथून वळिवडेला आली होती. सिंधी माणसेही कराचीहून बोटीनेच मुंबईला आली आणि त्यातली काही त्याच स्टेशनावर उतरली. तीच जोती, तीच कौले, तोच व्हरांडा. वळिवडेच्या छावणीचे गांधीनगर झाले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर उभे राहिले आणि आपल्या शेजारचा पिंपरी कॅम्पही याच दिवसांतला.

सिंधी कुटुंबांना पोलिश कुटुंबांसारखा देशाच्या सरकारचा भत्ता नव्हता, मागे उभे राहणारे सैन्य नव्हते. त्यांच्या पाठीशी भाषावार प्रांतही नव्हता, कारण भारतात सिंध उरलाच नव्हता. त्यांनी पाठीवर कापडाचे गठ्ठे टाकून बाजार फिरायला सुरुवात केली आणि त्यातून घाऊक कापडाची पेठ उभी केली. आज गांधीनगरला बस्ता बांधताना दुकानदाराला तुमचे मूळ गाव कोणते असे किती जण विचारतात?

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वळिवडेत नवा स्मृतिस्तंभ झाला आणि त्यासाठी पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आले. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. हे सगळे योग्यच झाले. कृतज्ञता बोलून दाखवणारा देश आणि ती स्वीकारणारे गाव, दोन्ही मोठी. पण स्मारक पोलिश माणसांचे झाले, त्याचे कारण ती परत आली, आणि त्यांनी लिहिले. ब्रिटनमध्ये त्यांनी ‘भारतातले पोलिश’ म्हणून संघटना स्थापली. आपापल्या आठवणी आणि कागदपत्रे जमवून जाडजूड ग्रंथ आधी पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत काढला. वळिवडेत वाढलेली माणसे म्हातारपणीही एकत्र जमत राहिली. पुणे विद्यापीठात अनुराधा भट्टाचार्जी यांनी याच विषयावर पीएच.डी. केली आणि २०१२ मध्ये त्यांचे ‘द सेकंड होमलँड’ हे पुस्तक आले. हा इतिहास जिवंत राहिला तो जतन करणाऱ्यांच्या कष्टामुळे.

सिंधी कुटुंबांसाठी पुष्पचक्र घेऊन कुणी येणार नाही, कारण ती परत गेलीच नाहीत. ती आपली झाली. म्हणून त्यांचा इतिहास लिहिणे हे आपले काम आहे. आणि तिसरी बाजूही तशीच कोरी आहे: त्या छावणीत दूध-भाजी घालणारे, बराकी बांधणारे गवंडी, कोल्हापुरातले दुकानदार, टांगेवाले. पोलिश मुलांनी त्यांच्याबद्दल लिहिले आहे. त्यांनी पोलिश मुलांबद्दल काय पाहिले, काय म्हटले, हे मराठीत फार थोडे उतरले आहे.

या सभागृहात विद्यार्थी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. काहींचे नातेवाईक कोल्हापुरात, काहींचे शेजारी पिंपरीत असतील. १९४८ मध्ये जे आठ-दहा वर्षांचे होते, ते आता ऐंशीच्या बरेच पुढे आहेत. त्यांच्याकडे जा. मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून घ्या. कोणत्या बराकीत राहिलात, पहिल्या रात्री काय खाल्ले, आधी तिथे कोण राहून गेले होते याची काही खूण घरात सापडली का, शेजारच्या गावाने कसे वागवले, हे विचारा. चोपड्या, वह्या, फोटो असतील तर त्यांच्या प्रती काढून भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे द्या. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत, याच दिवशी, तुमच्यापैकी कुणी गांधीनगरवर बोलावे, अशी माझी संयोजकांना जाहीर विनंती आहे.